आईला घेऊन आडव्या वाऱ्यात

मी दातांचा डॉक्टर. दर गुरुवारी समोरच्या बेटावर जातो. बेटावर माणसं अकराशे, आणि दातांचा डॉक्टर एकही नाही. बोटीने चार तास लागतात, विमानाने बावीस मिनिटं. म्हणून गेली बारा वर्षं मी विमानाने जातो, आणि बाराही वर्षं जाताना-येताना दातांवर दात आवळून बसतो. दवाखान्यात मात्र लोकांना सांगतो, असे दात आवळू नका, झिजतात.

विमान नऊ उतारूंचं आहे. दोन पंखांवर दोन इंजिनं, आणि दार मोटारीच्या दारासारखं ओढून लावायचं. वैमानिक आणि उतारू यांच्यात साधा पडदाही नाही. पहिल्या रांगेत बसलं की वैमानिकाच्या खांद्यावरून सगळे काटे दिसतात आणि समोरच्या काचेतून जमीन अंगावर येताना दिसते. मी मोठ्या हौसेने तिसऱ्या रांगेत बसतो.

हे विमान चालवते ती कप्तानबाई. तिचं हेच नाव पडलंय, पत्रंसुद्धा याच नावाने येतात. वयाने ती माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, म्हणून इथे ‘ती’ म्हणतो. तोंडावर मी तिला ‘तुम्ही’च म्हणतो, कारण ज्याच्या हातात आपला जीव असतो त्याला अरे-तुरे करण्याची माझी छाती नाही. घरी तिला भिंगरी म्हणतात. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून.

तिच्या आईचं शिवणकामाचं दुकान बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. पुढे काचेत डोकं नसलेले दोन पुतळे, आत तीन मशिनं, मागे दोन खोल्यांचं घर. वडील मालवाहू जहाजावर कामाला होते. वर्षातून दोन महिने घरी असत आणि त्या दोन महिन्यांत दिसेल ती गोष्ट दुरुस्त करून ठेवत, न बिघडलेलीसुद्धा. बाकीचे दहा महिने आई आणि दोन मुली. शाळेचे गणवेश, हॉटेलचे पडदे, बोटींची शिडं, जे येईल ते आई शिवायची.

एके वर्षी विमानतळावरून काम आलं. धावपट्टीच्या कडेला खांबावर एक नारिंगी कापडी नळी टांगलेली असते. वारा कुठून येतोय आणि किती जोराचा आहे, ते ती फुगून दाखवते. आमच्याकडे वारा असा, की ही नळी वर्षभरात फाटून तिच्या चिंध्या होत. आईने दुहेरी शिवण घालून नवी नळी शिवली आणि अकरा वर्षांच्या भिंगरीला बरोबर घेऊन ती द्यायला गेली. त्याच वेळी एक छोटं विमान उतरत होतं. नाक भलतीकडे आणि जाणं भलतीकडे, असं खेकड्यासारखं तिरकं येत होतं. भिंगरीला वाटलं, आता हे पडणार. अगदी जमिनीशी आल्यावर ते सरळ झालं, एका चाकावर टेकलं, मग दुसऱ्या, आणि मुकाट्याने चालत आलं. त्यातून एक किडकिडीत माणूस उतरला. टोपी उडू नये म्हणून त्याने ती हनुवटीखाली दोरीने बांधली होती. हे विमान शिकवणारे मास्तर. भिंगरीने त्यांना विचारलं, तुम्ही वाकडे का आलात? मास्तर म्हणाले, “राजा, वारा वाकडा होता.”

ते लहान-थोर, बाई-पुरुष सगळ्यांना राजाच म्हणत.

त्या दिवसापासून मुलगी दुकानात दिसेनाशी झाली. शाळा सुटली की सायकल विमानतळाकडे. अठराव्या वर्षी ती तिथेच कामाला लागली. सकाळी विमानं धुवायची, दिवसभर कचेरीतले फोन घ्यायचे, आणि त्या बदल्यात मास्तर तिला शिकवायचे. शांत हवेत ती विमान असं उतरवायची की मागे बसलेल्याला टेकल्याचं कळूसुद्धा नये. मास्तर तोंडावर कौतुक करायचे नाहीत, पण चहाच्या टपरीवर करायचे, आणि टपरीवाला ते तिला सांगायचा.

वारा आडवा झाला, की मात्र सगळं मुसळ केरात. आडव्या वाऱ्यात विमान वाऱ्याकडे नाक करून तिरकं आणावं लागतं, नाहीतर वारा त्याला पट्टीवरून बाजूला ढकलून देतो. पण तिरकं टेकवलं तर चाकं मोडतील, म्हणून शेवटच्या क्षणी पायाखालच्या पॅडलने नाक सरळ करायचं आणि वाऱ्याच्या बाजूचा पंख किंचित खाली दाबून धरायचा. हात एकीकडे, पाय दुसरीकडे. आणि झोत सांगून येत नाहीत. आत्ता दाबलेला हात पुढच्या क्षणाला जास्त होतो, त्याच्या पुढच्याला कमी पडतो. भिंगरी घाबरून आधीच नाक सरळ करायची, आणि वारा तिला उचलून गवताकडे न्यायचा. मग मास्तर गपकन सुकाणू हातात घ्यायचे.

बाविसाव्या वर्षी ती एकटी होती आणि हातात घ्यायला मास्तर नव्हते. विमान पट्टीवरून घसरलं, कडेचा एक दिवा फोडून गवतात जाऊन थांबलं. चाकावरचं झाकण तुटलं, तिला खरचटलंसुद्धा नाही. पण ती घरी आली आणि म्हणाली, संपलं, आता मी दुकानात बसणार. तीन आठवडे ती गणवेशांच्या शर्टांना काजं करत बसली. आईने एका शब्दाने काही विचारलं नाही. चौथ्या सोमवारी आईने शर्टांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला, त्यातलं एकेक काज बोटाने दाखवलं आणि म्हणाली, “ही बघ, सगळी वाकडी. माझं गिऱ्हाईक तुटायच्या आत तू विमानतळावर जा कशी.”

ती गेली. मास्तरांनी तीन आठवड्यांचं काही काढलं नाही. त्यांनी एवढंच केलं, की ज्या दिवशी वाऱ्याने बाकीचे शिकाऊ घरी बसत, त्या दिवशी हिला बोलावून घ्यायचं. उतरायचं नाही असं आधीच सांगायचे. फक्त पट्टीवर हातभर उंचीने या टोकापासून त्या टोकापर्यंत उडत जायचं, नाक सरळ, पंख वाऱ्याकडे झुकलेला, आणि वर निघून जायचं. पुन्हा यायचं, पुन्हा वर. उतरायचंच नसल्यामुळे तिची भीती हळूहळू विरली. मग एक दिवस म्हणाले, आता एकच चाक टेकव आणि वर चल. असं महिनाभर. महिन्याच्या शेवटी ती सकाळी उठून खिडकीतून झाडं हलताहेत का ते बघायला लागली, आणि हलत नसली तर तिचा चेहरा उतरायला लागला. आईने हे मला फार वर्षांनी सांगितलं, दात काढून घ्यायला आली होती तेव्हा, इंजेक्शनचा परिणाम होईपर्यंतच्या वेळात.

आता कप्तानबाई त्रेचाळीस वर्षांची आहे आणि गेली अठरा वर्षं बेटाची ये-जा तिच्याकडे आहे. तिने कधी कुणाला अवघड उतरण्याचे किस्से सांगितले नाहीत. उलट, दर हिवाळ्यात दोन-तीनदा तरी ती बेटाच्या तोंडाशी जाऊन, ‘आज नाही जमायचं’ म्हणून विमान परत आणते. लोक कुरकुर करतात. एकदा एका हॉटेलवाल्याने तर तिला तोंडावर सुनावलं, की त्याच्याकडचे पाहुणे ताटकळले आहेत. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “उद्या वारा पडला की या, पुन्हा भांडू. चहा माझ्याकडून.”

या अठरा वर्षांत तिची आई तिच्या विमानात एकदाही बसली नव्हती.

धाकटी मुलगी बेटावरच्या शाळेत शिकवते, तिथेच लग्न करून राहिली आहे. आई तिच्याकडे बोटीने जायची. चार तास पिशवीत तोंड घालून ओकत जायची, पण बोटीनेच. कुणी विचारलं तर सांगायची, की मी शिवलेल्या नळीवर माझा विश्वास आहे, विमानावर नाही. लोक हसायचे आणि विषय संपायचा. खरं कारण तिने त्याच दात काढायच्या दिवशी मला सांगितलं. म्हणाली, “डॉक्टर, मी मागे बसले तर मी तिच्या हाताकडेच बघणार. आणि आई बघतेय हे तिला पाठीतून कळणार. कुणाच्या सुईखाली कापड असताना मागे उभं राहू नये.” एवढं बोलेपर्यंत तिची जीभ बधिर झाली होती.

मग तो गुरुवार आला.

धाकटीला लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस गेले होते. वडील आता निवृत्त. ते मदतीला म्हणून दोन आठवडे आधीच बेटावर जाऊन बसले होते, आणि आई हातातले गणवेश संपवून मागून जाणार होती. पण बाळाला घाई होती. ते दहा दिवस आधीच, मंगळवारी सकाळी आलं. मुलगी. आणि समुद्र असा खवळलेला, की रविवारपासून बोटी बंद. आईने फोनवर नवऱ्याला विचारलं, कशी आहे, कुणासारखी आहे? वडील विचार करून म्हणाले, लाल आहे. आणि? आणि ठीक आहे. एवढ्या माहितीवर आईने मंगळवार काढला, बुधवार काढला. गुरुवारी सकाळी मी विमानतळावर पोचलो तर ती काउंटरसमोर उभी. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच राहिलेली, हातात बोटभर बाह्यांच्या झबल्यांनी भरलेली पिशवी.

छोट्या विमानात वजनाचा तोल सांभाळावा लागतो, म्हणून प्रत्येक उतारूला काट्यावर उभं करून मग जागा देतात. आईला हे ठाऊक नव्हतं. चारचौघांत वजन करायचं म्हटल्यावर ती आधी कोट काढते म्हणाली, मग बूट. मग खिशातून कात्री निघाली. ती काउंटरवरच्या मुलीने ठेवून घेतली आणि पावती दिली. वजन झालं, हिशेब झाला, आणि नेमकी तिला जागा मिळाली पहिल्या रांगेत, लेकीच्या खुर्चीच्या अगदी मागे. तिने मागची मागून पाहिली. काउंटरवरच्या मुलीने कागदावरून डोळे न उचलता सांगितलं, की तोल त्या जागेवरच बसतो. मला मिळाली आईच्या शेजारची. माझी तिसरी रांगही गेली.

आम्ही सहा जण होतो. दार लावायच्या आधी कप्तानबाई वळून सगळ्यांशी बोलली. आईकडेही तिने इतरांइतकंच पाहिलं.

“तिकडे वारा आडवा आहे आणि झोत येताहेत. मी उतरायला जाईन. मनासारखं नसेल तर विमान परत वर नेईन. तेव्हा आवाज मोठा होईल, पाठ खुर्चीला दाबली जाईल. ते ठरलेलं असेल, काही बिघडलं असं समजू नका. दोनदा बघेन. नाही जमलं तर परत इथेच येऊ. इंधन भरपूर आहे. पट्टे घट्ट करा.”

आईने पट्टा ओढला आणि हलक्या आवाजात मला म्हणाली, की ही घरी एवढं सलग कधी बोलत नाही.

समुद्रावर येईपर्यंत बरं चाललं होतं. मग धक्के सुरू झाले. खड्ड्यांच्या रस्त्यावरून मोटार जावी तसं, फक्त इथे खड्डे दिसत नाहीत. पांढऱ्या लाटांच्या रेघा खाली पळत होत्या. आई पिशवी छातीशी धरून ताठ बसली होती. तिची नजर कुठे होती ते मी पाहिलं. खिडकीबाहेर होती. हट्टाने, मान अवघडेपर्यंत ती बाहेर बघत होती.

बेटावर मनोरा वगैरे काही नाही. पट्टीच्या कडेला एक खोली, आणि खोलीत रेडिओकाका. त्यांचं काम वारा मोजून वैमानिकाला सांगणं. भाजीचा भाव सांगावा तशा एकसुरी आवाजात ते सांगतात. वाऱ्याचा वेग नॉटमध्ये सांगायची पद्धत आहे. एक नॉट म्हणजे तासाला जवळजवळ दोन किलोमीटर. पहिल्या रांगेत असल्याने मला सगळं ऐकू येत होतं. काका म्हणाले, वारा समुद्राकडून, वीस, झोत अठ्ठावीस.

बेटाची पट्टी एकच. एका अंगाला टेकडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. त्या दिवशी वारा समुद्राच्या, म्हणजे आमच्या डाव्या अंगाने येत होता. कप्तानबाईने नाक डावीकडे वळवलं आणि पट्टी समोरच्या काचेत न दिसता उजव्या बाजूला दिसायला लागली. इतकी वर्षं मागे बसून मला हे कळलंच नव्हतं, की आपण उतरायला जाताना विमान जिथे जायचंय तिकडे बघत नसतं. झोतांसाठी म्हणून तिने वेगही नेहमीपेक्षा चार-पाच नॉट जास्त ठेवला होता. घरं मोठी होत गेली. एका अंगणात दोरीवरचे कपडे आडवे होऊन फडफडत होते.

पट्टीच्या तोंडाशी आलो आणि विमानाचा डावा पंख कुणीतरी खालून उचलावा तसा उचलला गेला. ती सावरते न सावरते तोच तो खाली गेला. रेडिओकाकांचा आवाज आला, झोत बत्तीस. तिचा उजवा हात पुढे गेला, दोन्ही इंजिनांचे दांडे पुढे सरकले, आवाज छातीत घुमला आणि आम्ही वर निघालो. पट्टी पोटाखालून निघून गेली. खोलीबाहेर हातात टोपी धरलेला एक माणूस वर बघत होता. ते वडील होते.

“वर चाललोय,” ती म्हणाली. “सगळं ठीक आहे.”

माझ्या मागे कुणीतरी मोठा उसासा सोडला. आई माझ्याकडे वळली आणि तिने विचारलं, ठरलेलं म्हणाली ते हेच ना? मी हो म्हटलं. ती म्हणाली, मग बरोबर.

आम्ही समुद्रावर घिरट्या घालू लागलो. दहा मिनिटं असतील, मला तासभर वाटली. कप्तानबाई खाली पाण्याकडे बघत होती. नंतर तिनेच मला समजावून सांगितलं, की जोराचा झोत पाण्यावरून जातो तेव्हा तिथलं पाणी काळपट होतं, त्यावर सुरकुत्या पडतात. वरून ते डाग किनाऱ्याकडे सरकताना दिसतात. ती डाग आणि डागांमधलं अंतर बघत होती. झोत घोळक्याने येत होते, तीन-चार एकामागून एक, आणि मग जरा मोकळीक. तिने रेडिओकाकांना सांगितलं, की मी शेवटच्या टप्प्यावर आले की थांबू नका, आकडे सतत वाचत राहा.

दुसऱ्यांदा आम्ही आलो. तेच अंगण, तेच कपडे. काका वाचत होते, वीस, झोत सव्वीस. वीस. झोत चोवीस. तिचे हात सारखे हलत होते, पण मोठं काहीच नाही. वळवळणाऱ्या बाळाला मांडीवर धरलं तर हात हलतात तेवढेच. वीस. एकोणीस. पट्टीचा पांढरा पट्टा पायाखाली आला. नाक हलकेच सरळ झालं, डावा पंख खाली झुकला, आणि डावं चाक टेकलं. एकच चाक. त्यावर आम्ही बराच वेळ, म्हणजे खरंतर दोन सेकंद, एका पायावर उभ्या बगळ्यासारखे गेलो. मग उजवं चाक आलं. मग पुढचं.

मागे टाळ्या सुरू झाल्या. तिने सुकाणू न सोडता एक बोट वर केलं आणि टाळ्या थांबल्या. चालत्या विमानालाही वारा उलटा करू शकतो, म्हणून पंखांची पाती वाऱ्याप्रमाणे धरून ती सावकाश, चालत्या माणसाच्या वेगाने, खोलीपाशी आली. दोघांनी येऊन दोरांनी विमान जमिनीतल्या कड्यांना बांधलं. इंजिनं बंद झाली. एकदम ऐकू आला तो बाहेरचा वारा, आणि माझा जबडा सुटल्याचा आवाज.

तेव्हा ती वळली आणि तिने आईकडे पाहिलं. मघाशी उतारूकडे पाहिलं होतं, आता आईकडे.

“पहिल्यांदा का नाही उतरवलंस?” आईने विचारलं.

“मनासारखं नव्हतं.”

आईने मान हलवली. “बरं केलंस. शिवण मनासारखी नसली तर मीसुद्धा उसवते. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी.”

कप्तानबाई हसली. बारा वर्षांत मी तिला गालात हसताना पुष्कळदा पाहिलंय, पण असं, सगळे दात दिसतील असं, नाही. चांगले दात आहेत तिचे. आईने पिशवी माझ्या मांडीवर टाकली, पुढे वाकून दोन्ही हातांनी लेकीचं डोकं धरलं आणि केसांवर ओठ टेकवले. मागचे चौघे दार उघडायची वाट बघत मुकाट्याने बसून राहिले. मग टाळ्या झाल्या, आणि या वेळी कुणी बोट वर केलं नाही.

खाली उतरल्यावर वडील वाऱ्यात तिरके होऊन धावत आले. ते काही बोलायच्या आत आईने त्यांना विचारलं, की लाल आहे म्हणजे काय. वडिलांनी तोंड उघडलं आणि हातातली टोपी सुटली. ती पट्टीवरून गडगडत टेकडीकडे निघाली, तिच्यामागे रेडिओकाका, आणि आई त्याच्याकडे ढुंकूनही न बघता मोटारीत जाऊन बसली.

वारा दुपारी आणखी वाढला. त्यामुळे परतीचं उड्डाण रद्द झालं आणि कप्तानबाईला दुसऱ्या दिवसापर्यंत बेटावरच राहावं लागलं. मी माझे रोगी तपासले, दोन दाढा काढल्या, आणि चहाला धाकटीच्या घरी गेलो. बोलावलं होतं म्हणून, आणि बाळ बघायचं होतं म्हणून. बाळ लाल होतं. ठीकही होतं. वडिलांचं वर्णन अगदी अचूक निघालं, असं मी सांगितलं, तेव्हा आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी बिस्किटं घेतली.

चौघं एका टेबलाशी बसली होती. आई, वडील, दोन्ही मुली. धाकटी म्हणाली, की आपण चौघं एकत्र कधी बसलो होतो ते आठवतसुद्धा नाही. बाबा घरी असत तेव्हा ताई विमानतळावर असायची. ही सगळ्यांची गाठ पडली ती एका वाऱ्यामुळे. आई मात्र तिकडे लक्ष न देता बशी डाव्या बाजूला कलती करून सगळ्यांना उतरणं समजावून सांगत होती. बत्तीसचा झोत तिने पहिल्या कपाला चाळीस केला, दुसऱ्या कपाला पन्नास. शेजारीण बघायला आली तोवर आम्ही एका चाकावर पट्टीचं अर्धं अंतर गेलेलो होतो. कप्तानबाई बाळाला मांडीवर घेऊन ऐकत होती. तिने एकही आकडा सुधारला नाही.

मी निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत सोडायला आली. मी विचारलं, आई मागे आहे याची धास्ती वाटली का?

“पहिल्यांदा उतरताना क्षणभर मनात आलं, आई बसलीय, आता उतरवून दाखवू. ते मनात आलं आणि मी लगेच वर नेलं. दाखवायला उतरायचं नसतं, डॉक्टर.”

मग म्हणाली, की दुसऱ्या वेळेला आई आहे हे ती पार विसरूनच गेली होती. आठवलं ते विमान बांधून झाल्यावर, आणि तेव्हा जे वाटलं ते तिला सांगता येत नाही. सांगायची गरजही नव्हती. तिचा चेहरा सकाळपासून तसाच फुललेला होता.

आई महिनाभर नातीजवळ राहिली. समुद्र शांत होऊन बोटी कधीच सुरू झाल्या होत्या, पण परत येताना ती आली गुरुवारच्या विमानाने, माझ्याबरोबर. काट्यावर स्वतःहून चढली. पहिल्या रांगेतली जागा मागितली आणि तोलात बसली म्हणून ती तिला मिळाली. हवा इतकी स्थिर होती की चहाचा कप सांडला नसता. दुपारचं ऊन समुद्रावर पसरलं होतं. या वेळी आई खिडकीतूनही बघत होती, आणि लेकीच्या हातांकडेही, मन भरेल तसं.

आमच्या बाजूचा किनारा दिसायला लागला, तसं कप्तानबाईने रेडिओवर विचारून घेतलं. पुढे-मागे दुसरं विमान नव्हतं. तिने डावीकडे वळवून बंदरावरून एक सावकाश फेरी घेतली. आईने नाक काचेला चिकटवलं. धक्का, मासळीच्या शेड, चढाचा रस्ता, घरांची छपरं. दुकान तिला पहिल्या झटक्यात सापडलं नाही. वरून सगळं अनोळखी दिसतं. मग सापडलं. माणसाने स्वतःचं घर आयुष्यात पहिल्यांदा वरून पाहिलं की काय बोलतो याची मला उत्सुकता होती.

आई बराच वेळ बघत राहिली आणि पुढे वाकून लेकीला म्हणाली, “मागच्या खोलीवरचे दोन पत्रे सरकलेत गं.”

शनिवारी मी बंदराकडे निघालो होतो, तर दुकानाला शिडी लावलेली. छपरावर वडील आणि कप्तानबाई, दोघांच्या तोंडात खिळे. खाली रस्त्यावर आई, हात कमरेवर ठेवून वर बघत सांगत होती, डावीकडे, अजून डावीकडे, वरून बघितलंय मी.